तृप्तीच्या गाडीचं पेडल

उद्या सकाळी माझी मुलगी आमच्या पोर्चमध्ये स्वतःच्या हाताने जोडलेली गाडी पहिल्यांदा मोकळ्या मैदानात पळवणार आहे. पळवायची की नाही, हे तिने शेवटी माझ्यावर टाकलंय. ती गाढ झोपलीय. मला झोप येईना म्हणून लिहीत बसलेय. घरी अशी गाडी जोडायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याने हे वाचावं. त्याच्या आईनेही वाचावं.

तृप्तीचा जन्म वर्ध्याचा, पण ती वाढली इथे ओमानमध्ये, निझव्यात. तिचे पप्पा, भीमराव, इथल्या पाण्याच्या प्रकल्पावर इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत. लहानपणी तिला खेळण्यांपेक्षा एसीचा रिमोट उघडून बघण्यात रस. मिक्सर बिघडला की मी तो लपवून ठेवायची, कारण तिच्या हाती लागला की त्याचे तुकडे ताटात मांडलेले दिसायचे. पुढे पुढे तो दुरुस्तही व्हायला लागला. नागपूरला जाऊन तिने मेकॅनिकल केलं, चांगले मार्क मिळवले आणि इथे परत आली. नोकरीसाठी जाईल तिथे हसून विचारायचे, "साइटवर उन्हात उभी राहशील का?" ती हो म्हणायची. मग फोन यायचा नाही.

त्याच दिवसांत एक इंग्रज इंजिनिअर निझवा सोडून कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली एक लोखंडी सांगाडा होता, आणि शेजारी कधीच न उघडलेल्या पेट्या. दोन सीटच्या छोट्या गाडीचे सगळे सुटे भाग त्यांत होते. फायबरची बॉडी, स्टिअरिंग, ब्रेक, वायरी, आणि कसं जोडायचं ते सांगणारं जाडजूड पुस्तक. ते सगळं आम्ही त्याच्याकडून घेतलं. इंजिन तेवढं आपलं आपण आणायचं. ते दिलं बाबामियाँनी. ते मूळचे रत्नागिरीकडचे, जुन्या गाड्यांचं यार्ड चालवतात.

"मम्मी, ही बनवून दाखवली ना, की उन्हाचं कोणी विचारणार नाही मला," तृप्ती म्हणाली. आणि खरंच, सगळा उन्हाळा ती पत्र्याखाली उभी राहिली.

इथल्या उन्हात काम करायचं तर ते पहाटेच. दुपारी पान्हा हातात धरवत नाही, आणि फायबरला लावायचं रसायन कालवता कालवताच दगड होऊन बसतं. पहिला डबा तसाच वाया गेला. प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट तिने आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवले आणि डब्यांवर नावं घातली. हे आधीच करून ठेवावं, कारण काम संपल्यावर एक बोल्ट हातात उरला तर तो कुठला, या विचाराने झोप उडते. माझी उडायची. पेट्रोलचा पहिला थेंब घरात येण्याआधी मी आग विझवायचं सिलिंडर पोर्चच्या खांबाला टांगून घेतलं. भीमराव हसले. हसू दे. आणि एकाने पुस्तक वाचायचं, दुसऱ्याने हात चालवायचा, असं ठरवून घ्यावं. दोघंही एकाच वेळी हुशारी करायला लागले की पुस्तकातली पानं गाळली जातात.

आमच्याकडे अडचण वेगळीच आली. गाडी इंग्लंडची, म्हणजे चालवणारा उजवीकडे बसणार. इथे स्टिअरिंग डावीकडे. पुस्तकातलं प्रत्येक चित्र आमच्यासाठी उलटं. तृप्तीने त्यावर झकास उपाय काढला. पानांचे फोटो काढून तिने ते लॅपटॉपवर आरशासारखे फिरवून घेतले. पेडल, स्टिअरिंग, वायरी, सगळं फिरवलेल्या चित्रांवरून बसवत गेली आणि सगळं नीट बसत गेलं. "ही माझी अर्बाब!" असं भीमराव ऑफिसात सांगत सुटले. इथे मालकाला अर्बाब म्हणतात.

मग ब्रेकची पाळी आली. या कामाला दोन माणसं लागतात. ब्रेकच्या तेलात हवा अडकलेली असते, ती बाहेर काढावी लागते. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळ एक छोटं तोंड उघडून हवा सोडायची. त्या तोंडाला निपल म्हणतात. भीमराव ड्युटीवर होते, म्हणून पेडलवर मी. तृप्ती खालून ओरडायची, "दाब... धर... सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. सकाळभर तेच चाललं.

"किती मऊ लागतंय गं," मी म्हटलं. "उशीवर पाय दिल्यासारखं."

"थोडी हवा असेल. अजून एकदा कर."

पुन्हा केलं. निपलला लावलेल्या नळीतून येणारं तेल स्वच्छ होतं, एक बुडबुडा नाही. तरी पहिल्यांदा दाबलं की पेडल जवळजवळ तळाला जायचं. लागोपाठ दोनदा मारलं की मग धरायचं. संध्याकाळी भीमरावांनीही बघितलं.

"बुडबुडा नाही म्हणजे हवा नाही," ते म्हणाले. "साधा ब्रेक आहे हा. आपल्या गाडीसारखी पायाला मदत करणारी यंत्रणा यात नाही. वेगळं लागणारच."

"मदत नसेल तर कडक लागायला पाहिजे ना? मऊ कसं?"

"मम्मी, यू आर जस्ट नर्व्हस," तृप्ती म्हणाली. मी नर्व्हस होतेच.

आणि त्याच आठवड्यात भीमरावांनी लोकांना बोलावून टाकलं. शुक्रवारी सकाळी, बाबामियाँच्या ओळखीच्या शेतमालकाची खजुराची बाग, तिच्यामागचं सपाट मैदान, तृप्तीची गाडी आणि नंतर बिर्याणी. माझं एक ऐका, अशी तारीख ठरवून पाहुणे कधीही बोलावू नका. पाहुणे येणार म्हटलं की गाडी तयार आहे का, हे कोणी विचारत नाही. ती तयार असते.

शुक्रवारी गाडी रिकव्हरीवर, म्हणजे गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकवर चढवून बाबामियाँ स्वतः घेऊन आले. भीमरावांच्या ऑफिसातला जितेश आणि त्याची बायको सुगंधा सगळ्यात आधी हजर. मैदान चांगलं लांब होतं, पण जिथे संपत होतं तिथे वादीचा उतार. वादी म्हणजे कोरडी नदी, आत म्हशीएवढाले दगड. मी चालत तिथपर्यंत जाऊन बघून आले. बघायला नको होतं.

तृप्ती गाडीत बसली, पट्टा लावला, हेल्मेट घातलं. इंजिन सुरू झालं. मी खिडकीशी वाकले. खिडकी कसली, नुसती मोकळी जागा.

"मला एकदा पेडल दाबू दे."

"सगळे बघतायत, मम्मी."

"एकदाच."

"मम्मी, प्लीज!"

"यल्ला, अर्बाब! चल, निघ!" भीमराव टाळी वाजवून ओरडले.

मी चालत गाडीच्या पुढे गेले आणि बॉनेटसमोर उभी राहिले.

"वहिनी, व्हिडिओत येताय," जितेश मोबाईल धरून म्हणाला.

"येऊ दे."

"मम्मी, मूव्ह ना!"

"नाही. दोनदा मारल्याशिवाय तुझा ब्रेक धरत नाही. तिकडे वादी आहे. दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळाला नाही तर?"

भीमराव जवळ आले, आवाज खाली करून म्हणाले, "माधवी, चारचौघांत तमाशा नको. मी स्वतः बघितलंय."

"राहू द्या हो, आईचा जीव असतो," सुगंधा म्हणाली. "आमची आकांक्षा ड्रायव्हिंग शिकायला गेली तेव्हा मीही अशीच रडले होते."

मी रडत नव्हते.

बाबामियाँ ट्रकला टेकून उभे होते. "वैनी, गाडी हाय ती. आडव्या गेलात तर थांबंल काय?"

"तेच तर मला बघायचंय, बाबामियाँ. थांबते का."

सगळे हसले. तृप्ती हसली नाही. तिने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढून सीटवर आपटलं आणि ट्रकमधून जॅक आणला. पुढचं डावं चाक काढून बाजूला लोटलं. "बघ. काय बघायचंय ते बघ. मग जाऊ दे मला."

मी खाली बसले. यंत्रातलं मला काही कळत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्रीचं, तेही जुनं झालं. चाकामागे पोलादी तबकडी होती आणि तिला मुठीत धरल्यासारखा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा पकडणारा भाग. त्या मुठीच्या खालच्या टोकाला रबराची टोपी घातलेलं निपल होतं.

"हवा इथून काढलीस?"

"हो."

"तेल खाली बसतं, हवा वर जाते ना?"

"हो, मग?"

"मग तू ती खालून का काढतेस?"

"नाही मम्मी, ते तसं..." तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं. ती वाकली, कॅलिपरच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवलं, मग उठून पलीकडे गेली. दुसरं चाक काढलं. तिथेही निपल खालीच. मातीत तशीच बसून राहिली ती.

"पप्पा," ती म्हणाली, "हे पण फ्लिप केलं आपण."

भीमरावांना कळायला क्षणभर लागला. चालवणारा कुठेही बसो, डावं चाक डावंच राहतं. चित्र फिरवताना चाकाचे भागही फिरले होते. डाव्याचा कॅलिपर उजवीकडे, उजव्याचा डावीकडे, आणि त्यामुळे दोन्ही पालथे. खालच्या तोंडातून तेल स्वच्छ येत राहिलं आणि हवा वर आरामात बसून राहिली. स्वतः जोडणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की आपण जी युक्ती काढतो ना, तिच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्या. चूक झाली तर ती तिथे बसते, आणि आपल्याला ती दिसत नाही, कारण तिचं कौतुक झालेलं असतं.

भीमराव सावरले. "अदलाबदल करायची. तासाभराचं काम. तेलाची बाटली आहे ट्रकमध्ये."

"करून टाका," जितेश म्हणाला. "तोपर्यंत बिर्याणी दमावर राहील."

खरी भीती मला तेव्हा वाटली. तृप्तीने पान्हा उचलला होता. तिचा चेहरा मी ओळखते. शाळेत गणित चुकलं की ती असंच खोडून घाईघाईने पुन्हा लिहायची आणि दुसरीकडे चुकायची. आता तर आजूबाजूला माणसं, वर चढणारं ऊन आणि लाज. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर तिने हट्टाने केलं असतं.

तिने पान्ह्याकडे बघितलं. चाक परत बसवलं आणि नट आवळायला लागली.

"खलास," ती म्हणाली. "आज नाही."

"अगं, आम्ही एवढ्या लांबून आलो," जितेश म्हणाला.

"बिर्याणी आहे ना, अंकल. आणि तो व्हिडिओ डिलीट करा."

बिर्याणी चांगली झाली होती म्हणतात. भीमराव ताट घेऊन खजुराच्या झाडाखाली एकटेच बसले. परत येताना गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाले, "माझ्याही डोळ्यांसमोर होतं ते." तृप्ती आमच्याबरोबर आली नाही. बाबामियाँच्या ट्रकमध्ये पुढे बसून आली. तिथे ती काय बोलली, रडली की गप्प होती, मी विचारलं नाही.

नंतरचे दिवस बापलेकीने पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढलं. प्रत्येक फिरवलेल्या चित्रासमोर मूळ चित्र ठेवून विचारलं, हे माणसाच्या जागेमुळे बदलतं की नाही? कॅलिपर बदलले. तेल नवं भरलं. आज पहाटे पुन्हा मी पेडलवर.

"दाब."

दाबलं.

"धर."

खालून फसफस आवाज आला. सोड्याच्या बाटलीसारखा. एवढी हवा त्या मुठीत बसली होती, आणि तिच्या भरवशावर मुलगी वादीच्या दिशेने निघाली होती. तिने पुढे काय सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही.

"सोड. पुन्हा. मम्मी, कन्सन्ट्रेट!"

चारही चाकं झाली तेव्हा पेडल थोडंसं जाऊन भिंतीला टेकल्यासारखं थांबत होतं. पहिल्याच दाबात.

"मम्मी?" ती गाडीखालूनच म्हणाली.

"कडक आहे."

"शुअर?"

"थांब, धरून ठेवते."

पोटरीला गोळा येईपर्यंत धरलं. हललं नाही. ती बाहेर आली, हात पुसले, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या मैदानात पहिला पाय तुझा. कोणाला बोलवायचं नाही, आपण तिघंच, आणि ट्रक घेऊन बाबामियाँ. आधी चालण्याच्या स्पीडने जाईन, थांबेन, मग थोडं जास्त. वादीकडे तोंड करणारच नाही. पण तू नाही म्हणालीस तर परत आणू. मी रागावणार नाही."

याआधी घाबरणं हे एकच काम मला होतं, आणि ते सोपं होतं.

मगाशी चपला घालून मी पोर्चमध्ये जाऊन आले. दिवा लावला नाही, भीमराव जागे झाले असते. गाडीत बसले, पाय ठेवला आणि दाबून धरला. खरं सांगते, पेडल जरासं तरी खाली जावं असं मला वाटत होतं. बोटभर गेलं असतं तरी पुरे होतं. सकाळी नाही म्हणायला मला तेवढंच हवं होतं.

पाय बधिर झाला तरी धरून ठेवलं. पेडल जिथल्या तिथे होतं.

सकाळी ती विचारेल. मला हो म्हणावं लागेल.