कोणतीही बाटली चालते

माझ्या मोठ्या भावाने मला एअरब्रश आणून दिला तेव्हा त्याला एअरब्रश म्हणतात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. साठ-एकसष्टचा सुमार असेल. लग्न होऊन मी नेरहून पांढरकवड्याला आले होते. माझे यजमान तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात आम्ही तिघंच, हे, मी आणि सासूबाई. दादा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर दुसऱ्याचा ट्रक चालवायचा. आमचं घर त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. जाता-येता तो ट्रक कडेला लावून चहाला यायचा.

त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर त्याने खिशातून मळक्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. जाडसर फाउंटन पेनासारखी, चकचकीत धातूची. वर बटण, मागच्या टोकाला नळी लावायची जागा, आणि पोटाखालून निघालेली, खाली वाकवलेली एक बारीक नळी. हैदराबादेत कुणा फोटोवाल्याने दुकान बंद केलं होतं. त्याचं सामान दादाने गावी पोचवून दिलं, तेव्हा त्याने ही वस्तू दादाच्या हातावर ठेवली होती.

"यानं रंग उडते," दादा म्हणाला. "मांगून हवा द्याची, खाली रंगाची बाटली लावाची, बटन दाबलं का रंग धुरावानी निंगते. तुले चित्राचा नाद आहे म्हणून आणलं."

"अन् बाटली कुठं आहे?"

"ते फुटली म्हणे त्याची. कोणतीही बाटली चालते."

चित्रांचा नाद मला लहानपणापासून होता. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन मिरवतात, ते बैल नेरला आमच्या आळीत मीच रंगवायची. पांढरकवड्यातही शेजारपाजारचे बैल माझ्याकडे येऊ लागले होते. पण कुंचल्याने कितीही जपून रंगवलं तरी बैलाच्या पाठीवर रेघा दिसायच्या. रंग धुरासारखा उडतो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ती बिनरेघांची पाठच आली.

हवेची सोय दादानेच केली. ट्रकची एक जुनी ट्यूब रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून फुगवून आणली आणि मधल्या खोलीत ठेवली. दवाखान्यात टाकून दिलेली रबरी नळी यांनी आणली, नळी दाबून धरायचा चिमटाही आणला. खोलीत ती ट्यूब एखाद्या पाहुण्यासारखी ऐसपैस बसली. सासूबाई दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या.

"हे कायले आणलं घरात?"

"हवेसाठी, आत्याबाई."

"हवा बाहीर कमी आहे का?"

त्या रागावल्या होत्या की खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. माझ्या सासूबाईंचं बोलणं तसंच होतं. आवाज चढायचा नाही, चेहरा हलायचा नाही, आणि समोरच्याने काय समजायचं ते समजायचं. मी बहुतेक वेळा चुकीचं समजायची.

मग बाटल्यांचा शोध सुरू झाला. कंपाउंडरच्या घरात बाटल्यांना तोटा नसेल असं कुणालाही वाटेल. पण त्या काळी लोक मिक्स्चर न्यायला घरूनच बाटली आणत. दवाखान्यात बाटली ही जपायची चीज होती. जी फुटकी, तडा गेलेली किंवा बूच हरवलेली असेल तीच यांना घरी आणता येई. तरी ते आणायचे. रोज संध्याकाळी रुमालात एखादी बाटली. उकळत्या पाण्याने धुतलेली, उजेडात धरून पाहिलेली. यांना रंगांत काडीचा रस नव्हता, बाटल्यांत मात्र होता.

पहिली आणली ती मिक्स्चरची उंच बाटली. बुचाला तापल्या सळईने भोक पाडून त्यातून एअरब्रशची नळी आत घातली. नळी तळापर्यंत पोचेचना. रंग नळीला लागावा म्हणून बाटली काठोकाठ भरली, तर तिच्या वजनाने पेन हातात खाली झुकायला लागलं. मग इंजेक्शनची छोटी कुपी. तिचं रबरी बूच घट्ट बसलं, पण टर्पेंटाइन लागून ते रबर असं फुगलं की पुन्हा निघालंच नाही. शाईची चौकोनी दौत चांगली वाटली, तर तिच्या झाकणाला भोक पाडताना झाकणाचेच दोन तुकडे झाले. मग तिलाही बूच कोरून बसवलं. विषारी औषधाची एक निळी, अंगाला कंगोरे असलेली बाटली होती. अंधारातही हाताला कळावं म्हणून तिला कंगोरे असतात, असं यांनी समजावून सांगितलं. तिच्यातला रंग किती उरला ते मात्र मला भर उजेडातही दिसेना.

या अडचणी कळण्यासारख्या होत्या. न कळणारी अडचण वेगळीच होती. बाटली कोणतीही लावा, बटण दाबलं की रंग उडायचा. अगदी दादा म्हणाला तसा, धुरासारखा. जुन्या पाटीवर निळा ढग उमटायचा आणि मी श्वास रोखून बघत राहायची. दोन-चार फुंकरी झाल्या की बंद. नुसती हवा. बूच काढून बघावं तर बाटली जवळजवळ भरलेली. पुन्हा बूच लावलं की पुन्हा दोन-चार फुंकरी, पुन्हा बंद.

मला वाटलं रंग घट्ट असेल. तो पातळ केला तर पाटीवरून ओघळ वाहू लागले, आणि थोड्या वेळाने तेही थांबले. मलमलीच्या फडक्यातून रंग गाळला. तेलाचा रंग सोडून डिंकात कालवलेली पूड वापरून पाहिली. मग वाटलं, बूच सैल असेल, हवा निसटत असेल. म्हणून बुचाभोवती मेण ओतलं. मेण ओतल्यावर तर दोन-चारच्या जागी एकच फुंकर येऊ लागली. मी मेण आणखी जाड केलं.

"बाटलीचं तोंड रुंद पाह्यजे," हे म्हणाले.

"त्या हैदराबादवाल्यानं खराब वस्तू देल्ली मले," दादा पुढच्या फेरीत म्हणाला.

मी दुपारी कंटाळून बाटल्या अंगणात तशाच टाकून उठले की सासूबाई त्या राखेने घासून, धुऊन खिडकीत मांडून ठेवायच्या. उंचीप्रमाणे, ठेंगणीपासून उंच बाटलीपर्यंत. हा टोमणा होता की मदत, याचा मी पुष्कळ विचार केला. यांना विचारलं तर म्हणाले, "आई कधी असं कायले करते ते मलेही समजत नाही."

त्याच सुमारास दादाने भागीदारीत स्वतःचा ट्रक घेतला. जुनाच, पण स्वतःचा. दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "बाई, दोन दरवाजांवर दोन मोर पाह्यजेत. पेंटर नाही लावत मी. तू काढ."

मी यांच्याकडे बघितलं. आमच्या घरातली बाई हमरस्त्यावर उभी राहून ट्रक रंगवते आहे, असं चित्र त्यांच्याही डोळ्यांसमोर आलं असणार. मग म्हणाले, "आईले विचार."

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"कोणत्या दिवशी?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी दिवस सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुढची काडी उचलली. होकार की नकार, हे मला तो दिवस उजाडेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मी रंग, फडकी आणि सगळ्या बाटल्या टोपलीत भरल्या, तर सासूबाई चपला घालून, डोक्यावरून पदर घेऊन दारात उभ्या.

रस्त्यालगतच्या धाब्याजवळ कडुनिंबाच्या सावलीत दादाने ट्रक लावला होता. ट्यूब त्याने आधीच खांद्यावरून नेली होती. खाटांवर चार-पाच ड्रायव्हर पहुडले होते. आम्हाला बघून ते उठून बसले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि खडूने मोराची आकृती काढली. तोवर सगळं नीट चाललं. मग निळा रंग भरून दौत लावली. दोन फुंकरी, आणि बंद. कंगोऱ्यांची बाटली लावली, तीही बंद. मागे कुणीतरी हसलं. ते मला हसले की आपसांत, कुणास ठाऊक. टोपलीत एवढ्या बाटल्या होत्या आणि हात कुणीकडे न्यावा हेच सुचेना. महिनोन् महिने ज्या बाटल्या हाताळल्या त्या सगळ्या मला अनोळखी वाटायला लागल्या.

सासूबाई वाकल्या आणि त्यांनी टोपलीतून एक बुटकी, गोल खांद्यांची बाटली काढली. डोळ्यांच्या औषधाची होती ती.

"हे घे."

"काहून हेच, आत्याबाई?"

"हातात बसते."

तिच्या बुचाचा एका बाजूचा टवका टोपलीत आपटून उडाला होता. मी दुसरं बूच शोधायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. ऊन चढून राह्यलं." आणि ती बाटली खालून स्वतःच्या पंजात धरून माझ्या हाताला हात लावून उभ्या राहिल्या.

मी बटण दाबलं. रंग उडाला. मी तो बंद पडायची वाट बघत राहिले. मोराची मान भरली, छाती भरली, तरी तो उडतच होता. माझा विश्वास बसेना, म्हणून मी मधेच थांबून बाटली हलवून बघितली. ती रिकामी होत चालली होती, जशी व्हायला हवी तशी. पंखांकडे जाताना निळा फिका होत गेला, आणि त्यात एकही रेघ नव्हती. तुटक्या बुचातून रंग मात्र सासूबाईंच्या बोटांवर ओघळत होता, मनगटापर्यंत. त्यांनी हात हलवला नाही.

"आजी, तुमी बी पेंटर का?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी बाटली धरून राह्यली."

दुसऱ्या दरवाजापर्यंत ट्यूबमधली हवा उतरली. पंक्चरवाला जेवायला गेला होता. दुसऱ्या मोरावर रंगाचे शिंतोडे पडले आणि पिसारा आखूड राहिला. दादाने दोन्ही बाजूंना फिरून बघितलं आणि म्हणाला, "इकडं मोर, तिकडं लांडोर. चालते." तो ट्रक घेऊन निघाला आणि मोर हैदराबादच्या दिशेने गेला. मी बघत उभी राहिले.

घरी येऊन मी त्या बाटलीला चांगलं, अखंड बूच बसवलं. रंग भरला, बटण दाबलं. दोन-चार फुंकरी, आणि बंद. मी खाली बसले. तीच बाटली, तोच रंग, तीच मी. वेगळं काय होतं? सासूबाईंचा हात. मला सांगायला संकोच वाटतो, पण काही दिवस मी खरंच तसं मानलं. एकदा त्यांना बोलावून बाटली धरायलाही लावली. रंग थांबला तो थांबलाच. सासूबाईंनी आपल्या पंजाकडे बघितलं.

"माह्या हातानं थांबलं का?"

"नाही, आत्याबाई," मी म्हणाले.

उलगडा झाला तो तेलाचा डबा फोडताना. डब्याला एक भोक पाडलं की तेल थेंबथेंब येतं आणि अडतं. म्हणून समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडायचं, हवा आत जायला. हे मी कळायला लागल्यापासून करत होते. हातात खिळा आणि वरवंटा तसाच राहिला. धाब्यावर ते दुसरं भोक तुटक्या बुचाने आपोआप दिलं होतं. उठले, बुचाला नळीच्या शेजारी दाभणाने आणखी एक भोक पाडलं. रंग सुरू झाला आणि सुरूच राहिला. मग दौतीच्या बुचाला पाडलं, मेण खरवडून मिक्स्चरच्या बाटलीला पाडलं, कंगोऱ्यांच्या बाटलीला पाडलं. सगळ्या चालल्या. इतके महिने मी हवा आत जाऊ नये म्हणून मेण लावत बसले होते.

पण याने घोळ मिटला असं नाही. एकही बाटली चालत नव्हती तेव्हा निवडायचा प्रश्नच नव्हता. आता बैलाच्या पाठीला कोणती, शिंगांना कोणती, डोळ्याला कोणती? मोठीत रंग उरून सुकायचा, छोटी सारखी भरावी लागायची, अरुंद तोंडाची आतून घासता यायची नाही. मी खिडकीपुढे उभी राहून एक उचलायची, ठेवायची, दुसरी उचलायची.

सासूबाईंच्या नखांच्या कडांना तो निळा रंग बरेच दिवस राहिला. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, नीळ लागली कपड्याची. दुसरीला म्हणाल्या, डोळ्याचं औषध सांडलं. ट्रकचं नाव कुणापाशी काढलं नाही. त्यांना लाज वाटत होती की ती गोष्ट त्यांना कुणाला द्यायची नव्हती, मला आजही सांगता येणार नाही.

एका सकाळी एक अनोळखी ड्रायव्हर दारात आला. दादाचा ट्रक त्याने आदिलाबादजवळ पाहिला होता. मोर कुणी काढला ते विचारत तो घरापर्यंत पोचला होता. हे दवाखान्यात निघाले होते. दारातच त्याला म्हणाले, "नाही हो, ते घरचं होतं म्हणून. बाहेरचं काम नाही करत."

ड्रायव्हर वळला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"कोणतं चित्र पाह्यजे त्याले?"

तो थांबला. "कमळ, माय. समोरच्या फळीवर."

"कडुनिंबापाशी लाव म्हणावं गाडी."

हे माझ्याकडे बघत राहिले, मी यांच्याकडे. सासूबाईंनी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या. कमळाला गुलाबी किती लागेल याचा अंदाज घेत मी टोपली शोधायला आत गेले.