पळणाऱ्याचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवलेलं माझ्या पोटात चार दिवस टिकत नाही.

घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझं. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणणारच, "नाना, पानपत होऊ द्या!" तोंडानं मी ती लढाई किती वेळा लढलो असेन! खरी वेळ मात्र एकदाच आली.

धरणाचं काम अडवायला गाव जाऊन पायासाठी खणलेल्या चरात बसलं होतं. पोलीस आले. बाकीचे बसून राहिले. मी? मी पळालो — या ढेरीसकट, करवंदीच्या जाळ्यांतून. पागोटं तिथंच पडलं. छड्यांच्या गदारोळात मला पळताना कुणी पाहिलं नाही, असं वाटलं.

संध्याकाळी शेजारचा धोंडिबा ते घेऊन आला. त्याच्या पाठीवर छड्यांचे वळ होते. "नाना, पागोटं पडलं व्हतं तुमचं." एवढंच. कुणाकडे अवाक्षर काढलं नाही त्यानं. पण उद्या काढलं तर?

त्याच साली गावानं देवळाची भिंत रंगवायला घेतली. बुडणाऱ्या गावात भिंत कोण रंगवतं? आम्ही रंगवली, हट्टानं. चित्र पानिपताचं, लढाई संपल्यानंतरचं — प्रेतं, फुटक्या बांगड्या, धन्याविना उभा घोडा. पुण्याहून आलेला चितारी माझ्याकडेच उतरला होता, आणि प्रसंग सांगणारा मीच. मेलेल्यांना चेहरे गावातलेच द्यायचे ठरले. मरायला रांग लागली! धोंडिबाही चिताऱ्यासमोर बसला, हलला नाही. "मेलेला का असंना, मिश्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या."

कोपऱ्यात एक पळणारा हवा, असं मी चिताऱ्याला सुचवलं. बोडका. आणि चेहरा — तो धोंडिबाचा काढा, म्हणालो. हळूच.

पडदा काढला त्या दिवशी धोंडिबा हसत हसत मेलेल्यांत स्वतःला शोधत होता. पोरं ओरडली, "त्यो बगा पळतुया!" गाव हसलं. सगळ्यात मोठा आवाज माझा. धोंडिबानं त्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या पागोट्याकडे. आता बोलून तरी त्याचं कुणी ऐकलं असतं? ती सोय मीच करून ठेवली होती.

पुढे कोळवणची माणसं त्याच्या मुलीला बघायला आली. देवळात गेली, चित्र पाहिलं, ओठांत हसली. पुन्हा आली नाहीत.

पाणी चढलं तेव्हा सगळं गाव रडत होतं. मीही डोळे पुसले. पण देवळाच्या भिंतीला पाणी लागलेलं पाहून मला — काय सांगू — बरं वाटलं. गाव गेलं, भाताची खाचरं गेली, आणि मला बरं वाटलं.

धोंडिबानं तो चेहरा कधी खरवडला नाही. विळ्याचं टोक पुरलं असतं. निघताना त्यानं मला रामराम घातला. मी मान हलवली. डोक्यावर पागोटं होतं — तेच.