सायोकोला एक वाक्य

सुहासिनी परचुरे यांना मी काकू म्हणते, कारण सगळेच म्हणतात. जन्म भवानीपूरचा, नवरा गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातला, सगळा संसार कोलकात्यात. महाराष्ट्रात राहिल्या त्या सुट्टीपुरत्या. तरी त्यांचं मराठी असं, की पुण्याहून बदलून आलेला बँकेचा अधिकारीही त्यांच्याशी बोलताना आपलं वाक्य आधी मनात तपासून घेतो. आणि आवाज! सत्तरीला टेकलेल्या बाईच्या गळ्यात देवानं एक लहान मुलगी आणून ठेवली आणि परत न्यायला विसरला.

या आवाजावर आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक चालायचं. इथल्या मुलांना मराठी कळतं, पण बोलायला लागली की निम्म्या वाक्यात बंगाली शिरतं. ते स्टेजवरून ऐकवायची मंडळाला लाज वाटायची. म्हणून पूर्वी कुणीतरी तोड काढली होती: मुलांनी पोशाख करून समोर उभं राहायचं, नुसती तोंडं हलवायची आणि मोठ्यांनी पडद्याआड माइकपुढे बसून बोलायचं. काकूंनी त्या माइकवरून राजकन्या केल्या, चिमण्या केल्या, एकदा पाळण्यातलं बाळही रडून दाखवलं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वेडेपणा मला चटकन ओळखता येतो. थांबवता मात्र येत नाही. मीसुद्धा त्या पडद्याआड बसून दोन सासवा आणि एक म्हैस केली आहे.

पूजा नावाची मुलगी चार वर्षांची असल्यापासून काकूंच्या आवाजावर तोंड हलवत आली. आता ती अकरावीत आहे. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या घरात बसून काकांना छळू लागल्या, तेव्हा पूजानेच दया येऊन त्यांच्या मोबाइलवर एक जपानी खेळ घालून दिला. कार्टूनना आवाज देणाऱ्या कलाकारांचा तो खेळ. आपण एका बुडत्या संस्थेचे व्यवस्थापक. संस्थेत शिकाऊ मुली येतात. त्यांच्याकडून रोज श्वासाचे, उच्चारांचे, अभिनयाचे धडे करून घ्यायचे, ऑडिशनला पाठवायचं आणि त्यांना मोठं करायचं. सूचना इंग्रजीत, मुली बोलतात जपानीत.

"म्हणजे आपल्या मंडळाचंच काम की हे," काकू म्हणाल्या, आणि कंबर कसून बसल्या.

खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला एक मुलगी फुकट मिळते. काकूंना मिळाली सायोको. कुठल्याशा लांबच्या बेटावरून आलेली, एकाच ताऱ्याची म्हणजे सगळ्यांत खालच्या प्रतीची, उच्चार गावंढळ म्हणून सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. खेळणारे लोक दोन दिवसांत चांगल्या पाच ताऱ्यांच्या मुली मिळवतात आणि सायोकोला त्यांच्यात विरघळवून टाकतात. तशी सोयच आहे. बटण दाबलं की ती नाहीशी होते आणि दुसरीची ताकद वाढते. पूजानं हे समजावून सांगितलं, तेव्हा काकूंनी मोबाइल छातीशी धरला.

"लोकाची पोर आहे ती! आईबापांनी विश्वासानं पाठवली असेल बोटीत बसवून!"

त्यानंतर त्यांनी दुसरी मुलगी घेतलीच नाही. आहे तिला आधी शिकवू, म्हणाल्या. वर्षभर एका मुलीवर ती संस्था चालली. खेळ त्यांना पुनःपुन्हा सुचवायचा, की नव्या मुली घ्या. काकू त्याला मराठीत उत्तर द्यायच्या.

सायोको जे शिकेल ते आपल्यालाही आलं पाहिजे, असा काकूंचा बाणा. एकदा माझ्याकडे हावड्याला यायला त्यांनी लाँच पकडली. भर गर्दीत त्यांनी कठड्याला धरून धडा सुरू केला, "आ, ए, इ, उ, ए, ओ, आ, ओ." आधी हळू, मग पोटातून. गंगेत निर्माल्य टाकायला निघालेले एक बंगाली गृहस्थ धावत आले. "दीदी, शरीर खाराप?" काकूंनी एका हातानं त्यांना थांबवलं, कारण श्वास मोडला असता तर सायोकोचे गुण गेले असते. धक्क्यावर उतरेपर्यंत दोघा-तिघांनी त्यांना पाणी दिलं होतं आणि एकानं अॅसिडिटीची गोळी.

मग आला सायोकोचा वाढदिवस. आम्हा चौघी-पाचजणींना हळदीकुंकवासारखं रीतसर बोलावणं. पाट, भोवती रांगोळी, पाटावर मोबाइल उभा केलेला, पुढे पुरणपोळी. काकूंनी ओवाळलं आणि सायोकोच्या कपाळाला कुंकू लावलं. बोट ओलं होतं. ते नेमकं बटणावर पडलं आणि सायोको वाढदिवस सोडून पोहण्याच्या शिबिराला निघून गेली. संध्याकाळपर्यंत परत येणार नव्हती. पुरणपोळ्या आम्हीच खाल्ल्या. भालचंद्रकाका, म्हणजे काकूंचे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आमच्या मुलीही अशाच. वाढदिवसाला घरात सापडायच्या नाहीत."

हसू येतं, मलाही यायचं. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. सायोको वर्षभरात एकही ऑडिशन पास झाली नाही. उच्चाराच्या परीक्षेत दर वेळी नापास. पडद्यावर ती मान खाली घालून जपानीत काहीतरी पुटपुटायची. काकूंना त्यातलं अक्षर कळत नसे. तरी त्या मोबाइल उशीशी ठेवून म्हणायच्या, "होईल गं. एकदा चार लोकांसमोर तोंड उघड, मग बघ." त्यांना एवढंच हवं होतं. सायोकोनं एकदा लोकांसमोर बोलावं.

आणि बातमी आली, की त्या खेळावर अॅनिमे निघतंय. म्हणजे टीव्हीवरची कार्टून मालिका, त्याच मुलींची. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. दर आठवड्याला पूजा लॅपटॉप घेऊन यायची आणि आम्ही सगळ्या काकूंकडे संदेश नावाची बंगाली मिठाई खात बसायचो. पाच ताऱ्यांच्या मुली बोलल्या, रडल्या, गायल्या. सायोको होती, अगदी प्रत्येक भागात होती. मागच्या रांगेत. कधी खिडकीशी, कधी अर्धी दाराआड. काकू नेमकं बोट ठेवायच्या, "ही बघा. आता बोलेल." शेवटच्या भागात सगळ्या मुलींना यश मिळालं, त्या गोल उभ्या राहून एकमेकींवर तुटून पडल्यासारख्या बोलत होत्या आणि सायोको चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. तोंड मिटलेलं. मालिका संपली.

काकू रडल्या. अगदी हुंदके देऊन. मी गंमत करणार होते, ते सोडून पाणी आणायला उठले.

त्यात भर म्हणजे मालिका कुणी फारशी पाहिली नव्हती. कंपनीनं खेळातच सूचना लावली, की सप्टेंबरअखेर खेळ कायमचा बंद. "म्हणजे गणपतीपाठोपाठच जाणार," काका म्हणाले. त्या दिवशी काकूंनी त्यांना चहा दिला नाही.

तर मंडळाची सभा. अध्यक्षस्थानी आमचे कार्यवाह केदार, पुण्याहून बँकेत बदलून आलेले, अतिशय सभ्य आणि त्यामुळे कशालाही नाही न म्हणू शकणारे. विषय होता यंदाचं नाटक. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी सायोकोवरच्या अन्यायाची हकीकत सांगितली. इतकी कळवळून सांगितली, की मागे बसलेल्या निम्म्या सभासदांना वाटलं, ही मंडळाच्याच कुणाची तरी नात असावी. निषेधाचा ठराव आला, त्याला अनुमोदन मिळालं, टाळ्याही पडल्या. ठराव झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, की मुलगी सध्या राहते कुठे, आणि तिला डबा वगैरे पाठवायचा का.

मग काकूंनी मुद्दा काढला. यंदा नाटक नको. एवीतेवी मुलांनी पोशाख घालून तोंडं हलवायला नकार दिलाच आहे. त्यापेक्षा मालिकेतला तो शेवटचा प्रसंग आवाज बंद करून पडद्यावर लावू. बाकीच्या मुलींचे आवाज आपण मराठीत देऊ आणि सायोकोला एक वाक्य देऊ.

"पण काकू," केदार अदबीनं म्हणाले, "चित्रात तिचं तोंड मिटलेलं आहे."

"आपल्या नाटकात इतकी वर्षं ज्यांची तोंडं उघडी होती, ती कुठे बोलत होती?"

ठराव मंजूर. केदारांनी परवानगीसाठी जपानी कंपनीला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं, सोबत निषेधाच्या ठरावाची प्रत. उत्तर आलं नाही. मौन म्हणजे संमती, असं कार्यकारिणीनं ठरवलं.

सायोकोचा आवाज काकूच देणार, हे सांगायची गरज नव्हती. वाक्यही त्यांनीच लिहिलं होतं आणि ते चांगलं होतं: "मी लांबून आले, उशिरा आले, पण माझीही जागा इथेच आहे." पण काकू खेळात एक नियम शिकल्या होत्या, की ऑडिशनशिवाय भूमिका नाही. तो त्यांनी स्वतःलाही लावला. "वशिल्यानं मिळालेलं सायूला आवडणार नाही," म्हणाल्या. झालं. एका रविवारी हॉलमध्ये आम्ही खुर्च्या मांडून परीक्षक झालो.

आधी काकू बोलल्या. काय बोलल्या! शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज असा बारीक झाला, की केदारांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर येणार कोण? कुणीच नाही. मग दाराशी लॅपटॉप घेऊन उभी असलेली पूजा म्हणाली, "मी करू?"

माइकपुढे गेली. वाक्य सोपं होतं, तरी तिच्या तोंडात ते गोल गोल झालं. सगळे अ ओ झाले, "लांबून" आणि "उशिरा" यांची जागा बदलली, मधेच एक बंगाली "माने", म्हणजे "म्हणजे", आलं. परीक्षकांत खसखस पिकली. मीही त्यात होते. पूजाचे कान लाल झाले, मान खाली गेली आणि ती काहीतरी पुटपुटत मागे सरकली.

काकू हसल्या नाहीत. पूजाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, गुडघा धरून तिच्यापर्यंत गेल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आवाज माझा चांगला आहे. पण सायू ही आहे."

"काकू, हिचे उच्चार..." मी म्हणाले.

"तेच तर म्हणते मी, वृंदा. वर्षभर मी त्या मोबाइलमध्ये कुणाला शिकवत होते? ही इथे उभी होती आणि हिच्या तोंडात मी माझा आवाज घालत होते."

व्यवस्थापकाचा निर्णय अंतिम असतो, असंही त्यांनी वर सांगितलं. तेही खेळातच आहे म्हणे.

गणपतीच्या चौथ्या दिवशी हॉल भरला. शेजारच्या गल्लीतली बंगाली मंडळीही आली होती, जपानी सिनेमा मराठीत म्हटल्यावर न येऊन सांगतात कुणाला. पडद्याआड आमच्या वडीलधाऱ्यांची फौज माइकला चिकटून बसली. पूजा मात्र पडद्याबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी, वेगळ्या माइकपुढे. आणि काकू माझ्याशेजारी पहिल्या रांगेत. मंडळाचा कार्यक्रम त्या पहिल्यांदाच समोरून बघत होत्या.

प्रसंग सुरू झाला. पाच ताऱ्यांच्या जपानी मुली आमच्या साठी-सत्तरीच्या आवाजांत बोलू लागल्या. एकीला सर्दी होती. एकीच्या आवाजात निवृत्त स्टेशनमास्तर होते, त्यांना सवयीनं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावंसं वाटायचं. सगळे एकमेकांवर बोलत सुटले. लोक पोट धरून हसत होते. आणि पडद्यावर ट्रे घेऊन सायोको आली. मिटल्या तोंडाची.

पूजानं माइक धरला आणि तिला वाक्य आठवेना.

केदारांनी भल्या मनानं चित्र थांबवलं. सायोको तिथेच उभी राहिली, तिचा चहाही. पूजा ओठ हलवत होती, आवाज नव्हता. मग एकेक मान वळू लागली. सगळा हॉल काकूंकडे बघत होता. वाक्य त्यांचं, आवाज त्यांचा. आयुष्यभर हेच केलेलं. जागेवर बसून नुसतं म्हटलं असतं, तरी पार मागच्या रांगेपर्यंत पोचलं असतं. पडद्याआडून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालंही, "सुहासिनी, बोल की!"

काकूंनी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दोन्ही हातांनी वरून दाबून धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्यांचा दंड धरला. मला त्या पोरीपेक्षा या बाईची भीती वाटली.

पूजानं एकदा सायोकोकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, ज्याच्याआड आमचे वडीलधारे माइक धरून बसले होते.

"मला ना," ती म्हणाली, "मला पण बोलायचा होता. लहानपणापासून. पण तुम्ही सगळे किती बोलता!"

पडद्याआड कुणाच्या तरी हातून माइक पडला. मग मागे बसलेली मुलं उठून उभी राहिली, तोंडं हलवून मोठी झालेली सगळी, आणि ओरडायला लागली. टाळ्या मागून पुढे येत गेल्या. केदार चित्र पुढे सरकवायचं विसरूनच गेले.

काकूंनी पदर काढला. माझ्या कानाशी येऊन, धापा टाकत, म्हणाल्या, "वृंदा, हे वाक्य मी लिहिलेलं नाही!"

इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.