दाभणकाकांची गादी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी दाभणकाकांनी माझ्या बोटांवर लोखंडी पट्टी हाणली. मी सनद घेतलेला वकील, ते ऑफिसातले हेडक्लार्क. माझा गुन्हा एवढाच, की मूळ कराराचं पान उलटताना मी बोटाला थुंकी लावली होती. "मेल्या, देवाच्या पोथीक थुंकी लावतंस?" एवढं म्हणून त्यांनी पट्टी पुसून जागेवर ठेवली. माझी बोटं सुजली याचं कोणालाच काही वाटलं नाही. टायपिस्ट बाईंनी फक्त बर्फ कुठे मिळेल ते सांगितलं.

आमची फर्म फणसवाडीच्या तोंडाशी, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. अशिलं मात्र सगळी समुद्रापलीकडे, आफ्रिकेत धंदा करणारी. कोणाचा कंपालात पत्र्याचा कारखाना, कोणाची दार-ए-सलामला गोदामं, कोणाचं लुसाकात औषधांचं दुकान. करार आम्ही इथे लिहायचो. तिकडे पाठवायचे मूळ कागद काका दाभणाने भोकं पाडून हाताने शिवायचे आणि गाठीवर लाखेचं सील मारायचे. दाभण असं मारायचे की टेबल हादरायचं, म्हणून ते नाव; खरं आडनाव सावंत. कुठल्या देशाला कुठल्या रंगाचा दोरा हेही त्यांनी स्वतःच ठरवलेलं. "कंपालाचो साहेब खवचट, तेका हिरवोच दोरो होयो," असं ते छातीठोक सांगत. स्वतः सावंतवाडीच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेला आणि तालमीत घुमलेला माणूस. डावी भुवई गिरणी संपाच्या काळात कोणीतरी बाटलीने फोडलेली. भांडण दिसलं की काका आधी खुर्चीतून उठत आणि मग कारण विचारत. भिजलेलं पाकीट आणलं म्हणून एका कुरिअरवाल्याला त्यांनी जिन्यावरून ढकललं होतं, आणि त्याचा पाय मुरगळला तेव्हा खांद्यावर घेऊन डॉक्टरकडेही स्वतःच नेलं होतं. वाटेत त्याला शिव्या चालूच होत्या. खुर्चीतल्या कापसाच्या जाड गादीला तर हात लावायची सोय नव्हती. शिपायाने एकदा ती झटकायला घेतली, तेव्हा काकांनी काचेचा पेपरवेट फेकला. शिपाई वाकला म्हणून वाचला, खिडकीची काच गेली.

त्यांचा नियम एकच होता. "मूळ कागद खंय असा, ता बायलेक पण सांगूचा नाय."

तो नियम मी मोडला. आमच्या एक अशील होत्या, प्रभादेवीच्या. ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. नवरा आणि दीर यांचा कंपालात भागीदारीत कारखाना. नवरा गेला आणि दिराने हात वर केले. वहिनींचा वाटा नाही, आपण कधी कुठल्या करारावर सही केलीच नाही, म्हणाला. दोघा भावांच्या सह्या असलेला मूळ करार तेवढा वहिनींच्या हातात होता, तो त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिला होता. तो गेला तर त्या आणि त्यांच्या दोन मुली रस्त्यावर. दिराच्या माणसाने मला फोनवर डिवचलं, "मूळ कागद आहे तरी का तुमच्याकडे?" मी तरुण होतो, तोंडाला कुलूप नव्हतं. "आमच्याच ऑफिसात आहे. हिंमत असेल तर या बघायला," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ते आले. जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात मी आणि काका दोघंच. चार जण आत शिरले. पहिली सळी माझ्या खांद्यावर बसली आणि मी टायपिस्ट बाईंच्या टेबलाखाली पडलो. तिथेच राहिलो. हे लिहितानाही लाज वाटते.

त्यांनी कपाटं उपसली, फायली फाडल्या. मग एकाने काकांचा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि खण लाथेने बंद केला.

"कागद किधर है, बुढ्ढे?"

"तुझ्या आयशीक विचार!"

दुसरी लाथ बसली. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाखालून ऐकला. काकांनी डाव्या हाताने दाभण उचललं आणि त्या माणसाच्या दंडात मुठीपर्यंत खुपसलं. तो गुरासारखा ओरडला. मग बाकीच्या तिघांनी मिळून काकांना बदडून काढलं. तोंड फुटलं, दात पडले, रक्त शर्टावरून गादीवर ठिबकत राहिलं. दार हाताच्या अंतरावर होतं. हाणामारीला पहिला उठणारा तो माणूस त्या दिवशी खुर्चीतून तसूभरही उठला नाही.

खालच्या छापखान्यातली माणसं धावून आली तेव्हा ते चौघे पळाले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या फर्मच्या मालकीणबाई, धापा टाकत पोचल्या. स्ट्रेचरवर घेताना काका त्यांना म्हणाले, "बाई, आधी गादी उसवा."

गादीच्या कापसात, मेणकापडात गुंडाळलेला, हिरव्या दोऱ्याने शिवलेला करार होता. रक्त त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

वहिनींना त्यांचा वाटा मिळाला. काकांची तीन बोटं गेली. बाईंनी इस्पितळात विचारलं, "सावंत, कागद इथे आहे हे त्यांना कळलं कसं?" मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. काका म्हणाले, "माझ्याच तोंडातून गेला असतला, बाई." बाईंनी त्यांना सन्मानाने घरी बसवलं, पण पुन्हा आधीसारखं बोलल्या नाहीत. मी तरीही गप्प राहिलो.

महिन्याभराने डिलाईल रोडला गेलो, त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली आवाज काढला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"माका ठाऊक होता. तू फोनार बोललंस तेव्हा मी बाजूकच होतंय. म्हणान तीन दिवस जेवूक पण उठलंय नाय."

"मी बाईंना सांगतो, काका."

"सांगलंस तर दुसरी पडतली. माझी बोटां गेली ती गेली. तुझी सनद कित्याक घालवतंस?"

मग आतून गादी आणली, धुऊन, नव्याने शिवून. वर दाभण ठेवलं. त्या दिवसापासून दर रविवारी त्यांनी मला शिवण शिकवली. टाका चुकला की डाव्या हाताने पट्टी बसायची. त्या पट्टीची मी वाट बघायचो, कारण तेवढंच माझं प्रायश्चित्त होतं.

आता त्या गादीवर मी बसतो. फोनवर कोणी विचारलं, मूळ कागद कुठे आहे, की मी सांगतो, सावंतांना विचारा. सावंतांना जाऊन दोन वर्षं झाली.