शिकाऊ वहिनी

आमच्या शेजारच्या वहिनी घरी बसून दप्तरं शिवायच्या. शिलाई मशीन बिघडलं की स्वतःच उघडायच्या. एकदा पंपांच्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पाटी वाचली: शिकाऊ उमेदवार पाहिजेत, वयाची अट नाही. दुसऱ्या दिवशी त्या अर्ज घेऊन गेल्या.

पहारेकरी म्हणाला, "बाई, मुलालाच पाठवा ना."

"मुलगा नाही मला. मुलगी आहे, ती नववीत आहे. अर्ज माझाच आहे."

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "यंत्रांचंच काम का शिकायचंय?"

"मशीन उघडून जोडलं की एखादा स्क्रू हमखास उरतो. मशीन चालतं, पण तो का उरला ते कळत नाही. ते समजून घ्यायचंय."

मॅडम मनापासून हसल्या आणि वहिनींची निवड झाली. करारावर सह्या झाल्या, सरकारदरबारी नोंद झाली. आठवड्यातला एक दिवस वर्गात, बाकीचे कारखान्यात, आणि शेवटी परीक्षा.

वहिनींचा नवरा बस चालवायचा. तो कुरकुरला, "या वयात शाळा? लोक काय म्हणतील?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोक काय, तू बस शिकताना कुंपणात घातलीस तेव्हाही म्हणालेच होते. स्वयंपाकाचं मी बघते."

वर्गात त्रिकोणमिती निघाली आणि वहिनींचं घोडं अडलं. तेव्हा लेकीनं गच्चीवरच्या टाकीला शिडी लावली. "आई, शिडी म्हणजे कर्ण. आता ती जवळ सरकव. कोन वाढला का?" संध्याकाळभर मायलेकी शिडी सरकवत होत्या. खालून सासूबाई ओरडल्या, "अगं, टाकी धुताय की पाडताय?"

कारखान्यात शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. बोलणं मोजकं, नजर घारीची. सुरुवातीला त्यांनी वहिनींच्या हाती नुसती कानस दिली. लोखंडाचा ठोकळा घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. "उजेड दिसतोय," एवढंच मास्तर म्हणायचे. फटीतून उजेड दिसतो म्हणजे काटकोन चुकलेला. हाताला घट्टे पडले तेव्हा कुठे एकदा ते काही न बोलता पुढे गेले. वहिनींनी ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

मग लोखंड फिरवत कातायची लेथ आली. वहिनींचा हात बसला. एक दिवस त्यांना दुसऱ्या लेथवर पंपाचा दांडा कातायला दिला. त्यांनी हत्यार पुढे सरकवायच्या चाकावरचे आकडे बघून नेहमीसारखंच कातलं, आणि दांडा मापाहून बारीक झाला. कातलेलं लोखंड परत कुठून येणार! त्या तसाच दांडा घेऊन मास्तरांकडे गेल्या. "माझ्या हातून वाया गेला."

मास्तरांनी माप घेतलं आणि "ठीक आहे" म्हणून ते निघून गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. घरी येऊन वहिनी शिलाई मशीनवर बसल्या. "मला नाही जमायचं हे. दप्तरंच बरी."

नवऱ्यानं चहाचा कप पुढे ठेवला. "कुंपणात बस घातल्यावर दुसऱ्या दिवशी मला परत तीच बस दिली होती. जाऊच नये असं वाटत होतं. पण गेलो."

सकाळी मास्तर त्या लेथपाशीच उभे होते. "काल किती कातायचं होतं आणि किती गेलं?"

वहिनींनी हिशेब केला. "बरोबर दुप्पट!"

"तुमच्या लेथचा आकडा व्यास किती घटेल ते सांगतो, हिचा नुसती खोली. दांडा फिरत असतो, म्हणून हत्यार एका बाजूनं जितकं आत जातं तितकंच दुसऱ्या बाजूनंही कमी होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. घ्या, दुसरा दांडा."

तो दांडा मापात उतरला.

परीक्षा पास झाल्यावर त्याच कारखान्यानं त्यांना पंपांच्या चाचणी विभागात घेतलं. पुढे नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांतून त्यांनी पदविका केली, मग पदवी. सासूबाई दारावर येणाऱ्या प्रत्येकाला "सून इंजिनियर आहे" हे त्यानं न विचारताच सांगू लागल्या.

लेकीनं मात्र इतिहास घेतला. मला वाटलं, वहिनी हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "बरंय की! घरात एक इंजिनियर पुरे. जेवायला बसलो की मी आधी टेबल डगमगतं का ते बघते, मग ताट वाढते. हे म्हणतात, अशी दुसरी आली तर आम्ही उपाशी मरू."