सारखं ओढणारी जोडी

रोह्यातल्या त्या रेडिओ मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोक व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने रेडिओ भंगारात काढत होते आणि तो ते विकत घेत होता. दमट हवेत व्हॉल्व्हच्या पिना गंजतात म्हणून तो ते काढून भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवायचा. बोलताना गिऱ्हाइकाकडे बघत नसे, मीटरकडे बघे.

एका दुपारी मी पेणहून टेम्पोत घालून माझा गिटारचा अँप्लिफायर त्याच्याकडे नेला. आवाज फाटत होता, दोन्ही मोठे व्हॉल्व्ह बदलायचे होते आणि संध्याकाळी पेणला आमच्या ऑर्केस्ट्राचा पहिला कार्यक्रम होता. मी फळीवरची खोक्यातली नवी जोडी दाखवली.

“ही लावा.”

त्याने ती मीटरवर तपासली. “दिसतात जुळे, पण एक जास्त करंट खेचतोय. बैलजोडी रंग बघून घेतोस काय रे?”

मग डब्यातले जुने व्हॉल्व्ह एकेक करून मीटरवर लावले. बाहेर थांबलेल्या टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. अखेर दोन सापडले. एक उंच, दुसरा बुटका, पण सुई दोघांनाही एकाच जागी थांबली. त्याने ते बसवले.

“वाजव.”

मी सोबत आणलेली गिटार जोडून तारा छेडल्या. आवाज इतका भरून आला की शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

“परत,” तो म्हणाला. नंतर पुन्हा, “परत.”

मग त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला आणि शटर ओढलं. त्याचं दुकान भरदुपारी बंद होताना मी प्रथमच पाहत होतो.

“वाटेत हादरून एखादा सैल झाला, तर तुला जमायचं नाय,” असं म्हणत तो टेम्पोत पुढे जाऊन बसलासुद्धा.