काइलाचं अकरावं इंजिन

दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगात कुणाची गाडी बंद पडली की काइला मोक्तान आधी बॉनेट उघडत नाही, चालकाला समोर उभं करून त्याची उलटतपासणी घेतो. कुठे पडली, चढ किती होता, शेजारी कोण बसलं होतं, सकाळी काय खाल्लं होतंस. शेवटचा प्रश्न निव्वळ छळायला. "गाडी बिचारी मुकी असते," तो म्हणतो, "थापा मारतात ते चालक."

त्याचं खरं नाव सूर्यमान, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. भावांत चौथा म्हणून काइला, आणि पंचावन्नाव्या वर्षी सगळ्या बाजाराचा काइला दाजू, म्हणजे थोरला भाऊ. अंगाने काडी, आवाजाने ढोल. गावातून संदकफूच्या शिखराकडे जो दगडी चढ जातो, त्यावर चहाच्या मळेवाल्या गोऱ्या साहेबांच्या काळातल्या लँडरोव्हर अजून प्रवासी वाहतात. त्यांची पेट्रोल इंजिनं कधीच भंगारात गेली. त्या जागी जीपचं डिझेल इंजिन बसवायचं म्हणजे माउंटिंग कापा, गिअरबॉक्सशी जुळणी करा, तेलाच्या नळ्या नव्याने ओढा. हे काम काइलाने दहा गाड्यांवर केलं आणि दहाही पळाल्या. त्यामुळे स्वारीच्या डोक्यात हवा गेली होती, हे त्याचे मित्रही कबूल करतील.

अकरावी गाडी नोर्देन शेर्पाची. नोर्देन पस्तिशीचा, हत्तीसारखा देह आणि सशासारखा स्वभाव. पावसाळा सरल्यावर हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात गाडी वरच्या चित्रे गावाच्या चढावर मेली. आधी जोर गेला, मग दोन आचके, मग गप्प. दहा दिवसांनी पुन्हा तिथेच, आणि या वेळी ब्रेक लागेपर्यंत ती चार हात मागे घसरली. मागे दरी. प्रवाशांतली एक बाई किंचाळली ती चित्रेपर्यंत ऐकू गेली. तिथे नोर्देनच्या आईचं चहाचं दुकान आहे.

गाडीवाल्यांच्या संघटनेचा नियम असा की एका हंगामात प्रवासी घेऊन तीनदा बंद पडली तर गाडीचा नंबर रांगेतून कायमचा कापायचा. रांगेत नसलेली लँडरोव्हर म्हणजे अंगणातलं लोखंड. नोर्देनला दुसरा धंदा येत नव्हता.

"काइला दाजू," संघटनेचा सेक्रेटरी हर्कमान राई म्हणाला, "तुमचं हे अकरावं पोर जरा अशक्त निघालं बरं का."

"पोर ठणठणीत आहे. तेल पोचत नाही, एवढंच."

"मग पोचवा की. का त्यासाठी दार्जिलिंगहून मिस्त्री आणू?"

हे मात्र काइलाला मिरचीसारखं झोंबलं.

त्याने फिल्टर बदलला. पंप खोलला, झडपा पुसल्या, परत लावला. टाकी उतरवून आतली जाळी धुतली. प्रत्येक सांध्याला नवा वायसर घातला. टाकीकडून येणारी एक नळी काढून तिथे पारदर्शक नळी लावली, कुठे हवा शिरत असेल तर बुडबुडे दिसावेत म्हणून. एक बुडबुडा नाही. मग स्वतः चालवत तो तीनदा चित्रेला जाऊन आला. गाडी बकरीसारखी टणाटण चढली.

गाडीत बसण्याआधी तो दर वेळी चालकाच्या जागेवरची गादी उचलून गॅरेजच्या बाकावर ठेवायचा. दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या आधी नोर्देनच्या आईने ती शिवली होती. वरून लोकरीची जाड घोंगडी, राडी, आत जाड फोम, तेलाचा डाग लागू नये म्हणून खालून रेग्झिन. काइलाच्या पँटला आठवड्याचं ग्रीस असे. म्हातारीच्या हातची राडी आपल्या बुडाने काळी करायची नाही, एवढी रीत त्याच्यात होती. तो आपला रिकाम्या चौकटीवर पोतं टाकून बसायचा.

"नोर्देन, तुझ्या हातात दोष आहे," त्याने निकाल दिला. "क्लचवर पाय ठेवून झोपतोस तू."

"नाही हो दाजू."

"मग माझ्यासमोर चालव."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून नोर्देन चाकावर बसला, शेजारी काइला, मागे साक्षीदार म्हणून हर्कमान आणि वजनासाठी बटाट्याची सहा पोती. आज मेली तर तिसरी वेळ धरायची, असं हर्कमानने आधीच बजावलं होतं. काइला छाती ठोकून हो म्हणाला होता.

आईच्या दुकानासमोरच्या शेवटच्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती मेली.

हर्कमानने उतरून चाकामागे दगड लावला. दुकानात शेवयांचा थुक्पा खाणारे दोन-तीन चालक वाट्या घेऊनच बाहेर आले. त्यांच्यामागे किटली हातात धरून नोर्देनची आई, पुती आमा. गाडी मागे घसरल्या दिवसापासून म्हातारी धड झोपली नव्हती. रोज गोम्पात दिवा लावून येत होती.

नोर्देन सवयीने उठू लागला. गाडी मेली की तो गादी उचलायचा, खालचं टाकीचं झाकण काढायचा आणि काठी बुडवून डिझेल बघायचा. मग पंपाने हवा काढली की गाडी सुरू.

"बस खाली!" काइला ओरडला. "कशाला हात लावू नकोस."

त्याने बॉनेट उघडलं. पारदर्शक नळीत डिझेल उभं होतं, हलत नव्हतं. नळीच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन चपट्या झाल्या होत्या. हाताने पंप मारला, तर पंप तेल ओढेना. टाकी भरलेली, नळी साफ, पंप धड, आणि तरी कुणीतरी पलीकडून तेल धरून ठेवल्यासारखं. काइला खूप वेळ बघत राहिला.

"आता ऊठ," तो नोर्देनला म्हणाला. "सावकाश."

नोर्देन उठला, आणि गादीखालून आवाज आला, सुस्स्स. लांबलचक श्वास घेतल्याचा. नळी पुन्हा गोल झाली.

काइलाच्या सगळं ध्यानात आलं. टाकीतून जेवढं तेल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती येते झाकणातल्या सुईएवढ्या भोकातून. झाकण गादीखाली, गादीला रेग्झिन, आणि रेग्झिनवर नोर्देनचे शंभर किलो. आपण गादी काढून बसत होतो, म्हणून आपल्याला तीनही वेळा काही दिसलं नाही! इंजिन निर्दोष होतं. तो आनंदाने आरोळी ठोकायला वळला.

समोर पुती आमा उभी होती. तिची नजर तिने शिवलेल्या गादीवर होती.

म्हातारीच्या गादीला दोषी ठरवणारी ती आरोळी काइलाने आवरली. आणि त्या क्षणात दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली, जी आरोळीच्या नादात निसटली असती. पेट्रोलची वाफ होते, ती टाकीत दाब धरते. डिझेलची तशी होत नाही. साहेबांच्या पेट्रोल गाडीला ते सुईएवढं भोक पुरत होतं. इंजिन बदलणाऱ्याने टाकीला श्वासाची वेगळी नळी काढून ती वर, मोकळ्यावर न्यायला हवी होती. ती त्याने काढली नव्हती. अकरांपैकी एकाही गाडीला नाही. त्याला स्वतःची जबर लाज वाटली.

"काय झालं दाजू?" हर्कमानने विचारलं.

"चूक माझी," काइला म्हणाला.

एका चालकाच्या हातातला चमचा वाटीत पडला. "परत बोला," तो म्हणाला, "वारा होता."

"चूक माझी! बहिऱ्या, कान धुऊन ये." काइलाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "टाकीला श्वासाची नळी मी ठेवली नाही. गाडी गुदमरते. एका दिवसाचं काम आहे. नंबर कापायचा तर गाडीचा नको, मिस्त्रीचा कापा."

"आणि बाकीच्या दहा गाड्या?"

"त्यांतही हीच चूक. उद्यापासून एकेक घेऊन या. मीच केलंय, मीच निस्तरणार. दार्जिलिंगवाल्याला कळणारसुद्धा नाही, कुठे हात घालायचा ते."

हर्कमान हसला आणि म्हणाला, आजची खेप प्रवाशांशिवायची होती, मोजणीत धरत नाही.

चालक टिंगल करत आत गेले. पुती आमा मात्र गाडीपाशीच राहिली. तिने वाकून गादी उलटी केली. रेग्झिनवर झाकणाचा वाटोळा वळ उमटला होता. बोटाने तो तिने दोनदा चाचपला.

"काइला," ती हळूच म्हणाली, "खोटं बोलू नकोस. माझी गादी त्या भोकावर बसत होती ना? माझ्याच हाताने पोराला दरीत घालत होते मी."

"आमा," काइला म्हणाला, "गादी बसायलाच असते. भोक मी चुकीच्या जागी राहू दिलं."